खटका बसला की नाही

जावयाने सासऱ्याच्या गाडीला हात लावू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

ह्या जावयाचं स्वतःचं गॅरेज होतं. सासरे छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी कुणाला न विचारता एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली. दोनच सीटची, आणि जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. हौसेला मोल नसतं हे खरं, पण गुडघे असतात. त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे पाय काही केल्या स्टिअरिंगखालून आत जाईना. शेवटी जावयानेच तोडगा काढला : खटक्याचं स्टिअरिंग. ते काढायचं, आत बसायचं आणि पुन्हा लावायचं.

दोन सकाळी मोडल्या. त्याने बॅटरी सोडवली, थोडा वेळ जाऊ दिला, एअरबॅग उतरवली आणि जुनं स्टिअरिंग ओढून काढलं. मग दांड्यावर नवा हब, म्हणजे स्टिअरिंग अडकवायची दातेरी बैठक, बसवला. सहा बोल्ट, प्रत्येकाला चिकटद्रवाचा थेंब, आणि प्रत्येक बोल्ट मापाच्या पान्याने आवळलेला. कामात खोट काढायला जागा नव्हती.

मग सासऱ्यांना शेजारी उभं करून त्याने एकदा सोडून तीनदा सांगितलं, "बाबा, हे कडं मागे ओढायचं, स्टिअरिंग दात्यांवर बसवून पुढे दाबायचं. टक् वाजलं की बसलं. नाही वाजलं तर बसलं नाही. अर्धवट बसलं तरी गाडी वळते, तिथेच माणूस फसतो. जोरात ओढलं की हातात येतं!"

सासऱ्यांनी मान हलवली.

"आणि पेट्रोल तळाला गेलंय. बायपासच्या पंपावर भरून घ्या."

त्यावरही मान हलली. मोजकं बोलणारा, पण सांगितलेलं ऐकणारा माणूस, असं त्याचं सासऱ्यांबद्दल पहिल्यापासून मत होतं. त्यांना बसवून त्याने स्वतःच स्टिअरिंग लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि सासरे घाटापलीकडच्या मित्राला गाडी दाखवायला निघाले.

तासाभराने बायको डबा घेऊन गॅरेजमध्ये आली. त्याने फुशारकीने सगळं सांगितलं. झाकण उघडता उघडता तिचा हात थांबला.

"तू त्यांच्या कुठल्या बाजूला उभा होतास?"

"डाव्या. का?"

"अरे, डावा कान पार गेलाय त्यांचा. उजवा जेमतेम."

त्याला आधी ते खरंच वाटेना. "मग मान का हलवतात?"

"म्हणूनच हलवतात! घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायचं नाही असं आईने ठरवलंय. त्यांना वाटतं, कुणाला कळलेलंच नाही."

"मला तरी सांगायचंस!"

"वर्षभरात तुझ्या लक्षात आलं असेल, असं वाटलं मला."

त्याने लावलेलं स्टिअरिंग पक्कं होतं, पण सासरे गाडीतून उतरेपर्यंतच. पुन्हा चढताना ते स्वतः लावणार, आणि टक् ऐकायला कान नाहीत. बायकोने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. त्याने मोटरसायकलला किक मारली. पेट्रोलचं तरी ऐकलं होतं का त्यांनी? नसेल ऐकलं तर बरंच, कुठेतरी बंद पडून बसलेले असतील. एरवी आपलं बोलणं फुकट जावं म्हणून कुणी देवाची करुणा भाकत नाही, पण तो वाटभर तेच करत होता.

पंपावरचा माणूस हसत म्हणाला, "लाल गाडी ना? आत्ताच गेली. आजोबा स्टिअरिंग बगलेत मारून मुतारीत गेले होते! मी म्हटलं, हे कसलं नवीन?"

"परत लावलं का त्यांनी?"

"लावलं असणार. गेले की वळवून."

वळली गाडी. वळणारच, अर्धवट बसलं तरी वळते. त्याने मोटरसायकल घाटाकडे पिटाळली.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर लाल गाडी दिसली. त्याने बेंबीच्या देठापासून हाक मारली, हॉर्न दाबून धरला, पण काही उपयोग नव्हता. पुढे जाऊन आडवं व्हावं, तर ते दचकून ब्रेक मारतील, स्टिअरिंग धरून मागे रेलतील, आणि ते हातात घेऊनच दरीत जातील. त्यांना दचकवायचं नव्हतं. त्याने मोटरसायकल हळूच त्यांच्या खिडकीशी नेली आणि तोंडभर हसला. सासरेही हसले. त्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली. सासऱ्यांनी मान हलवली आणि गाडी तशीच चालू ठेवली.

आता काय करावं? पुढचं वळण दिसू लागलं होतं. त्याने जीव मुठीत धरून करंगळी वर केली. ती खूण त्यांना बरोबर कळली. त्यांनी हळूहळू गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

त्याने दार उघडलं, हात आत घातला आणि स्टिअरिंग ओढलं. ते अलगद हातात आलं.

ते घेऊन जावई कडेच्या दगडावर बसला. सासरे म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो. पस्तीस वर्षं त्या यंत्रांपाशी काढली. घरात कुणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका."

जावयाने मान हलवली. तो उठला, त्यांच्या उजव्या कानाशी गेला, त्यांचा तळवा कड्यावर ठेवला आणि स्टिअरिंग दाबलं. कड्याने तळव्याला ठोसा दिला.

"लागलं?"

"लागलं की!"

"तेवढं लागलं पाहिजे. मग दोनदा ओढायचं. रोज. शपथ आहे तुम्हाला."

त्यांनी दोनदा ओढलं, आणखी एकदा ओढलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही आमच्या मुलीबद्दल विचारायला आला होतात ना, तेव्हाही मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं."

जावयाने वळून विचारलं, "मग होकार कसा दिलात?"

"तुमचे हात थरथरत होते, आत्ता थरथरतायत तसेच. म्हटलं, ज्याला एवढी धास्ती वाटते, तो जपेल."