मोहबोडीत काही नाही

"निवृत्त माणसाने आपले शेवटचे घर मातीचे बांधावे," गुणवंतराव अंगणात उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले. "मातीच्या घरात माणसाला खोटे बोलता येत नाही."

तेवढ्यात छपरावर वानरे उतरली. एक-दोन नव्हे, अख्खी टोळी. तिने घराची या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहणी केली, पसंत पडले नसावे, आणि ती चिंचेवर निघून गेली. मागोमाग छपरावरचे सतरा मातीचे कवेलू घरंगळत येऊन गुणवंतरावांच्या पायाशी फुटले.

"हे मातीले नोका सांगू, सायेब," शिडीवरून मुखरू म्हणाला. "वानराले सांगा."

गुणवंतरावांनी चौतीस वर्षे चंद्रपुरात भूसंपादनाच्या कचेरीत काढली आणि अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. लोकांची घरे मोजणे हे त्यांचे काम. 'भिंती मातीच्या, छप्पर कवेलूचे, पडवी एक, कडुनिंब दोन' असे लिहिले की अर्ध्या पानात एक घर संपायचे. पुढे ते घरही संपायचे, पण ते काम दुसऱ्या विभागाकडे होते. स्वतः गुणवंतराव दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. तिथे सकाळी पुसलेली खिडकी दुपारपर्यंत कोळशाने काळी होई. निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने घेतले की आपण मोजली तसल्या एका घरात राहून पाहावे. ज्योत्स्नाबाईंच्या मामाचे मोहबोडीचे घर रिकामेच होते. वरोऱ्याहून आत वीस किलोमीटर, गावाच्या टोकाला, मागे जंगल. त्यांनी ते घेतले, पत्रे उतरवले आणि कवेलू चढवायला काढले.

मोहबोडी त्यामुळे चक्रावून गेली. वानरांना कंटाळून गावाने दहा वर्षांत एकेक करून कवेलू उतरवले होते आणि पत्रे टाकले होते. हा शिकलेला माणूस पत्रे उतरवून कवेलू टाकत होता. माजी सरपंच हरिदास एका सकाळी मुद्दाम येऊन छपराकडे बराच वेळ पाहत राहिला.

"काऊन जी हे?"

"आवड," गुणवंतराव म्हणाले.

आजवर मोहबोडीत कोणीही कोणत्याही खर्चासाठी हे कारण दिलेले नव्हते. हरिदासने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "काही हाय का जी? खाण-गिण? तुमच्या आफिसात काही..."

"काही नाही."

हे दोन शब्द गुणवंतराव चौतीस वर्षे खिडकीच्या जाळीतून बोलत आले होते. आता त्यांचा तो आवाजच होऊन बसला होता, ना वर ना खाली. हरिदासने मान डोलावली. उत्तर मिळाल्यासारखा तो गेला.

घराचे बरेचसे काम मुखरूनेच केले. टाकून दिलेले जुने कवेलू त्याने गावोगावच्या गोठ्यांमागून हुडकून आणले, एकेक हाताने बसवले, वानरांनी पाडले की पुन्हा बसवले. मजुरीचे नाव काढले की म्हणायचा, "मजुरी नोको जी. चहा पाजा." मग रोज सकाळी दोघे पडवीत बसून चहा घेत. बोलत काय, तर फारसे काही नाही. आज धुके आहे, काल रानडुक्कर येऊन गेले. गुणवंतरावांच्या आयुष्यात हातात कागद न घेता त्यांना भेटायला आलेला हा पहिला माणूस होता. साठाव्या वर्षी आपल्याला मित्र मिळाला हे त्यांनी ज्योत्स्नाबाईंनाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर दुपारपर्यंत गावाला कळले असते.

संक्रांतीनंतर मुखरूचे येणे थांबले. गुणवंतरावांना मग गावात काही वेगळे दिसू लागले.

हरिदासच्या अंगणात सिमेंटची एक खोली उभी राहिली. चार भिंती, वर स्लॅब आणि दार कुठेच नाही. मोटारपंप दुरुस्त करणारा वारलू, ज्याच्या घरापासून हापसा पन्नास पावलांवर, त्याने परसात विहीर खणायला घेतली. कोणाच्या बांधावर सागाची रोपे वीत-वीत अंतरावर उभी राहिली, कोणाच्या वाडीत एका रात्रीत आंबराई झाली. फळासाठी लावलेले झाड आणि मोबदल्याच्या मोजणीसाठी लावलेले झाड यातला फरक गुणवंतराव धावत्या जीपमधून ओळखत. बिनदाराच्या खोल्या त्यांनी नुसत्या पाहिल्या नव्हत्या, त्यांना क्रमांक दिले होते.

'इथे खाण येते आहे,' ते मनाशी म्हणाले. 'साऱ्या गावाला माहीत आहे, आणि मला कोणी सांगत नाही.'

त्यांनी कचेरीत आपल्याच जागेवर बसलेल्या निकेशला फोन लावला.

"मोहबोडीचं काही आहे का रे?"

"काही नाही सर," निकेश म्हणाला.

ना वर ना खाली. हा आवाज गुणवंतरावांनीच त्याला शिकवला होता. त्यांनी आठवड्यात आणखी तीनदा फोन केला आणि तीनदा तेच ऐकले, आणि प्रत्येक वेळी त्यांची खात्री थोडी वाढली.

शेवटचा पुरावा मिळाला तो शुक्रवारी. मुखरू आपली बैलजोडी घेऊन रस्त्याने चालला होता. शिंगांना तेल लावलेले, गळ्यात नवा दोर.

"कुठं निघाले, मुखरूभाऊ?"

"बाजाराले."

"विकता?"

"हाव." मुखरू थांबला. "सलॅपची एक खोली टाकतो म्हनलं."

बैलांना पाणी पाजल्याशिवाय चहाला न येणारा हा माणूस. गुणवंतराव त्याच्याकडे पाहत राहिले, मुखरू त्यांच्याकडे पाहत राहिला. समोरच्याने आता तरी खरे काय ते सांगावे, अशी दोघांचीही नजर होती. मग एका बैलाने मान झटकली आणि मुखरू पुढे निघाला.

घर जाणार, हे त्या रात्री गुणवंतरावांनी जवळजवळ स्वीकारले. पण मुखरूने आपल्यापासून लपवावे, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

"सरळ विचारून टाका ना," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"सरळ विचारलं की माणूस सावध होतो."

"मग जेवायला बोलवा. जेवताना माणूस किती सावध राहील? आणि ती अजयची लाल बाटली संपवा एकदाची, फ्रिजात भाजी ठेवायला जागा नाही मला."

अजय म्हणजे नाशिकला असलेला जावई. घर पूर्ण झाले म्हणून त्याने वाईन पाठवली होती. शिवाय घरभरणीचे जेवणही राहिलेच होते. रविवारी दुपारी मुखरू, हरिदास आणि वारलू यांना बोलावणे गेले.

तिघेही वेळेवर आले. मोहबोडीत जेवायला कोणी वेळेवर येत नाही, म्हणून गुणवंतरावांनी तेही मनात टिपून ठेवले. मुखरूची बायको रंभा आली नव्हती. "तिले बरं नाई," एवढेच मुखरू म्हणाला आणि खांबाला टेकून बसला.

बाटलीला बूच होते आणि ते काढायचे हत्यार घरात नव्हते. वारलूने बाटली गुडघ्यात धरून पेचकस चालवला. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक बोअरमधून अडकलेली मोटार वर काढली होती, त्याच्या हातून बूच खाली गेले आणि वाईनवर तरंगू लागले.

"कंपनीनं फसवलं," वारलू म्हणाला. "हे आतूनच लावलं असन."

स्टीलच्या पेल्यांत वाईन आली. मुखरूने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळावा की नाही याचा विचार करून गिळला.

"हे आंबलं, सायेब."

"वाईन अशीच असते."

"मंग चांगली कशी असते?"

हरिदासने पेला उन्हात धरून पाहिला. "जांभूर हाय काहो हे? का औषीद?" आणि त्याने हळूच आपल्यातली अर्धी गुणवंतरावांच्या पेल्यात ओतली. "घ्या जी तुमी. आमाले कुठी कळते."

गुणवंतरावांनी लगेच त्याचा पेला भरून दिला. मुखरूने मग पिशवीतून पाण्याची जुनी बाटली काढली. आतले पाणी जरा जास्तच स्वच्छ होते. जिल्ह्यातली दारूबंदी उठून वर्षे झाली होती, पण मोहाची दारू अजून पाण्याच्याच बाटलीतून येई.

"याच्यात काय हाय ते तरी माईत हाय," तो म्हणाला.

मोहाचा वास पडवीभर पसरला. घ्या-घ्या सुरू झाले. गुणवंतराव तिघांचे पेले भरत होते, तिघे मिळून गुणवंतरावांचा. चौघांपैकी पीत कोणीच नव्हता, चौघेही पाजत होते.

"मंग," हरिदासने सहज विचारल्यासारखे विचारले, "अजून काई करान म्हन्ता घराचं? सलॅप-गिलॅप?"

"तुमच्या खोलीला दार कधी बसवता?" गुणवंतरावांनी तितक्याच सहज विचारले.

"बसवू नं. घाई काहाची हाय?"

"तेच म्हणतो. घाई कशाची आहे?"

वारलू दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. मुखरू कोणाकडेच पाहत नव्हता.

तेवढ्यात ताटे आली. गावरान कोंबड्याचा काळा-तांबडा रस्सा आणि उलट्या मडक्यावर भाजलेल्या लांब पोळ्या, रुमालासारख्या घडी घातलेल्या. ज्योत्स्नाबाईंच्या हाताला तिखट फार. पहिल्या चार घासांत नाके वाहू लागली, पाचव्या घासाला हरिदासने टोपी काढून ठेवली. आता मात्र पेले खरोखरच रिकामे झाले, आधी मोहाचे आणि मग पाणी लांब होते म्हणून वाईनचेही.

"रस्स्यासंगं बरी लागते," हरिदासने कबूल केले. बूच त्याच्या पेल्यात आले होते, ते त्याने चोखून बाजूला ठेवले. "बाई, हात काय हाय जी तुमचा!"

"खा भाऊ पोटभर," ज्योत्स्नाबाई रस्सा वाढता वाढता म्हणाल्या. "यांना तरी समजवा. आठवड्यात चारदा त्या निकेशला फोन केला, खाण येते का, खाण येते का! झोप नाही या माणसाला. तुम्हाला माहीत असेल तर सांगून टाका एकदा, सगळं गाव खोल्या बांधून राह्यलं, आणि आम्हालाच पत्ता नाही."

हरिदासचा घास ताटाशीच थांबला.

"सायबाले माईत नाई?"

"मला कसं माहीत असेल?" गुणवंतराव म्हणाले. "माहीत तर तुम्हाला आहे. खोल्या तुम्ही बांधता."

"आमी तुमच्या मांगं बांधून राह्यलो नं जी! भूसंपादनचा मानूस गावात येते, घर घेते, दुरुस्ती कहाडते... फुकट काऊन करन?"

"मी तर पत्रे काढून कवेलू टाकले. कवेलूला कोण जास्त भाव देतो?"

"तेच त म्हनलं मी गावात," हरिदास म्हणाला. "हा मानूस एवढा हुशार हाय का आपल्याले सक येऊ नये म्हनून कवेलू टाकून राह्यला."

आधी वारलू फुसकन हसला. पाणी लागायचे नाव नसलेली आपली विहीर त्याला आठवली असावी. हरिदासला बिनदाराची खोली आठवली आणि तो मांडीवर थाप मारून हसू लागला. "सोयाबीन भरतो तिच्यात! पर भरू कुठून, दार नाई!" गुणवंतरावही हसले. घर जाणार नव्हते. चार महिन्यांत प्रथमच त्यांना आपल्या पडवीला फुकट वारा येतो हे जाणवले.

मुखरू हसत नव्हता. तो पोळीचा तुकडा रस्स्यात बुडवत होता आणि बुडवून तसाच ठेवत होता.

तेव्हा तिघांनाही शुक्रवारी विकलेले बैल आठवले.

"मुखरूभाऊ," गुणवंतराव म्हणाले, "बैल परत मिळतील. घेणारा कोण आहे सांगा, मी येतो सोबत."

"नाई मिळत. पार वनीच्या तिकडं गेले. टरकमधी."

"तुम्ही मला एकदा विचारायचं तरी."

"इचारलं न जी. आठवते का, शेवटच्या दिसाच्या चहाले? तुमी म्हनलं, काही नाही." मुखरूच्या आवाजात राग नव्हता, तो नुसते घडले ते सांगत होता. "माह्या साळ्याची कोरपन्याकडची वाडी गेली तवा बी आमी आफिसात इचाराले गेलतो. खिडकीतून असंच सांगे. काही नाही. चार मयन्यात घरावर मशीन आली. म्हनून यावेळेस म्हनलं, समजून घ्यावं आपन."

ते कोणते साल होते आणि खिडकी कितवी, हे गुणवंतरावांनी विचारले नाही. त्यांनी ताटाकडे पाहिले. काहीतरी बोलायला हवे होते, आणि जे तोंडाशी आले ते तेच दोन शब्द होते.

हरिदासने टोपी डोक्यावर चढवली. वारलू पेचकस खिशात घालून उगाच उठला आणि हात धुवायला गेला. ज्योत्स्नाबाई पळी धरून दारात उभ्या होत्या.

मुखरूने मात्र जेवण अर्धवट सोडले नाही. भिजलेले तुकडे त्याने एकेक करून खाल्ले, हाड चोखले, ताट बोटाने पुसून स्वच्छ केले. गुणवंतराव पाणी ओतायला उठले, तर त्याने तांब्या त्यांच्या हातातून घेतला, अंगणाच्या कडेला जाऊन हात धुतले आणि उपरण्याला पुसले.

"बाई," तो म्हणाला, "रस्सा उरला असन त थोडा देजा. रंभानं शुक्रवारपासून चूल नाई पेटवली."

ज्योत्स्नाबाई धावत आत गेल्या. आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेऊन आल्या आणि त्यात रस्सा ओतू लागल्या.

"तो नोको," मुखरू म्हणाला. "इस्टीलचा द्या. तो वापस आनून द्या लागते."