कपाळावरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. माझ्यासारख्या थोरल्या बाईने हे बोलावं का, असंही कुणी म्हणेल. पण खोटं सांगून लहानांना शहाणं करता येत नाही.

आधी मी तकियनचं झाड होते. आमच्या थायलंडच्या किनाऱ्यावर मानतात, की तकियनच्या झाडात एक बाई राहते. झाड पाडलं, फळ्या कापल्या, तरी ती लाकूड सोडत नाही. होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन बसते. म्हणून त्या टोकाला रंगीत कापडं बांधतात, फुलांची माळ घालतात, हात जोडतात. ते टोक म्हणजे माझं कपाळ. तिथं कुणी पाय ठेवत नाही. ठेवला त्याला समुद्र परत देत नाही, हे इथली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील.

चुम सुताराने मला बांधलं. पहिल्यांदा पाण्यात ढकललं तेव्हा माझी फळीन् फळी कण्हली. लोक म्हणाले, "वा, काय रुबाबात निघाली!" मी भीतीने ताठ झाले होते, त्याला ते रुबाब म्हणत होते. म्हटलं, म्हणू देत.

आधी प्रसोप कोळ्याच्या बापाने मला चालवलं, मग प्रसोपने. म्हाकूल आणले, बांगडे आणले. सगळे मला आजी म्हणायचे आणि मागत सुटायचे. "आजी, मासळी दे." "आजी, वारा थांबव." शेजारचा थोंग तर लॉटरीचा आकडा मागायला यायचा. माझ्या फळीवर पावडर चोळायचा आणि आकडा उमटतो का म्हणून डोळे फाडून बसायचा. मासळी मिळाली की मात्र टोपल्या डोक्यावर आणि सगळे घरी. मागं वळून "बरं झालं गं तू होतीस" म्हणायची कुणाला सवयच नव्हती. मीही मान वर करून पडून राहायचे. मला काय कुणाची गरज होती?

मग तो दिवस आला. दुपारीच आभाळ काळं झालं. प्रसोप एकटाच होता आणि माझा नांगर तळाच्या खडकात अडकला. समुद्र फुगत गेला, दोर ताठ झाला. प्रत्येक लाटेला माझं कपाळ पाण्याखाली जायचं आणि दोर मला वर येऊ द्यायचा नाही. मित्रांनो, मी लाकूड आहे, मी बुडत नसते असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, बुडते.

प्रसोप सुरी दातात धरून रांगत पुढं आला. दोरापर्यंत हात पुरेना. शेवटी तो उठला आणि कापडांच्या गाठींवर, माझ्या कपाळावर, पाय रोवून उभा राहिला. दोर तुटला. मी एकदम वर उसळले.

किनाऱ्याला लागलो तेव्हा तो वाळूत पालथा पडला. पायाचं कुणाला बोलला नाही.

पण त्यानंतर माणूस वाळत चालला. भात पुढ्यात घेऊन बसायचा, घास उचलायचा नाही. हात थरथरायचे. पाण्याची नुसती गाज ऐकली तरी घाम फुटायचा. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी छाती तपासली, म्हणाल्या काळीज ठणठणीत आहे. रोज सकाळी तो उदबत्त्या घेऊन यायचा, नवं कापड बांधायचा, डोकं वाळूला टेकून "आजी, माफ कर" म्हणायचा. जितकी कापडं चढली तितका त्याचा थरकाप वाढला. त्याला वाटायचं मी कोपलेय. अरे बाबा, मी कुठली कोपते! मीच तेव्हा अर्धमेली झाले होते.

इकडं वाळूत पडून पडून उन्हाने माझे सांधे उघडले. थोंग म्हणाला, "प्रसोप, विकून टाक. हॉटेलवाले मधोमध कापून उभी करतील, आत शहाळी मांडतील. छान दिसेल म्हातारी!"

माझ्या अंगावर कुऱ्हाड एकदा पडलेली आहे; तेव्हा झाडातून होडीत आले, पण होडीच कापली तर जायला जागा नाही. करवतीचं नाव ऐकून मी काय झाले असेन, ते सांगत नाही.

हॉटेलची माणसं करवत घेऊन आली त्या सकाळी प्रसोपची बायको उराई तिथं आली. माझ्या तोडीची गावात तेवढी एकच बाई.

"अहो, हिला कापायला दिलीत?"

"ती मला मारणार आहे, उराई. मी तिच्या कपाळावर पाय दिला." आणि त्याने रडत रडत सगळं सांगितलं.

थोंग दोन पावलं मागं सरकला. हॉटेलच्या माणसांनी करवत पाठीमागं लपवली.

उराईने कमरेवर हात ठेवले. "झालं सांगून? मग आता माझं ऐका. ती कोपली असती तर तुम्ही आज इथं उभं राहून माझं डोकं खाल्लं असतं का? पाय ठेवायला जागा कुणी दिली? माफी कसली मागता उठसूट! आभार माना."

"कशाचे?"

"वाचलात त्याचे! रोज एका गोष्टीचे. आणि कालची आज चालायची नाही." मग थोंगकडं वळून म्हणाली, "तू काय बघतोस? लॉटरी लागली का? जा, करवत पोचवून ये."

पहिल्या दिवशी प्रसोप अवघडून म्हणाला, "डाव्या फळीचे आभार." दुसऱ्या दिवशी सुरीचे मानले. मग सुरीला धार लावून देणाऱ्या उराईचे, किनाऱ्याकडं ढकलणाऱ्या लाटेचे. ज्या दुपारीकडं त्याला बघवत नव्हतं, त्याच दुपारीत तो रोज एक पाऊल आत शिरला आणि तिथून काहीतरी हातात घेऊन परत आला. हळूहळू तो आंबट रस्सा-भात मागून खाऊ लागला. झोप लागू लागली. एके सकाळी त्याने माझ्या कपाळावर तळहात ठेवला. "आजी, तू पाय ठेवू दिलास," म्हणाला, आणि त्याचा हात थरथरला नाही.

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, की पोरा, त्या लाटांमध्ये तुझा पाय कपाळावर पडला तेव्हाच मला कळलं, मी एकटी नाही.

सांध्यांत काथ्या ठोकून, राळ भरून त्याने मला पाण्यात लोटलं. वाळलेलं लाकूड, आत पाणी आलंच. घोट्याइतकं आलं. प्रसोप पांढरा पडला. मीही. तो उपसत राहिला आणि मी फळ्या फुगवत राहिले, भेगा मिटेपर्यंत. भीती आम्हा दोघांची गेलेली नाही. पण ती आता घोट्याच्या वर येत नाही.

तर मित्रांनो, कुणाच्या तरी अंगावर पाय देऊनच तुम्हीही वर आला आहात. असेल आई, असेल सायकल, असेल विहीर. त्यांना तुमची माफी नको आहे. आभाराचा एक शब्द हवा आहे. तो आजच बोला. वाळूत पडून भेगाळलेल्या लाकडाला ऐकू येतं, पण करवतीनंतर येत नाही.