पदरात बांधलेली तार

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या साली निलंग्याकडच्या विहिरींनी तळ दाखवला. मांजरा गोदावरीला मिळते अन् गोदावरी समुद्राला. पाणी आटलं, तशी माणसंच त्या वाटेनं निघाली. शिवकांताचा धाकटा, मलप्पा, टोळीबरोबर नांदेडला रेल्वेत बसला अन् पार आंध्राच्या किनाऱ्यावर भात कापायला गेला. मुकादम नेईल ते गाव. महिन्यानं त्याचं कार्ड आलं, त्यात गावाचं अन् शेतमालकाचं नाव होतं. शिवकांतानं ते देवळीत, विभूतीच्या गोळ्याखाली ठेवलं.

थोरला सिद्धेश्वर हवाई दलात. समुद्रात वादळ उठलं की त्याचं विमान त्याच्या मागावर जायचं. वादळ कुठं चाललंय ते सिद्धेश्वर बिनतारी यंत्रावरून कळवायचा, म्हणजे किनाऱ्याची माणसं वेळेत हलायची. मागल्या सुट्टीत चुलीपाशी बसून त्यानंच आईला हे सांगितलं होतं.

"अव्वा, वादळाला मधोमध डोळा असतो."

"मग त्याला दिसतं काय रे?"

"दिसलं असतं तर माणसांवर कशाला आलं असतं?"

"आन् तू त्या आंधळ्याच्या पुढं नाचतूस व्हय? पोरगी बघायला चल म्हणलं की पाय कापतेत तुझे!"

तवापासून जात्यावर बसली की तिच्या तोंडी एकच ओवी यायची:

ढगाच्या पोटामंदी । फिरं लेकाचं विमान
वाऱ्याचा माग काढी । राखी मिठाचं इमान

कार्तिकातल्या एका सकाळी टपालवाला शेषेराव आला. एरवी तो वेशीपासून घंटी वाजवायचा, "कार्ड हाय, गुळाचा खडा काढा वैनी," म्हणायचा. आज कोपऱ्यावरच सायकलीवरून उतरला. दारात येऊन टोपी काढली. हातात तार होती.

त्या मुलखात लग्नाचा सांगावा हळद लावून यायचा, खुशाली कार्डावर यायची. तार यायची ती माणूस गेल्याचीच. शेजारच्या सरजाबाईनं ती बघितली अन् कपाळावर हात मारून गळा काढला.

"लष्कराकडची दिसती," शेषेराव जमिनीकडं बघत म्हणाला. "इंग्रजीत हाय. मास्तरला बोलवू का?"

"न्हाई. ह्यांना येऊ द्या."

घरच्या कर्त्यावाचून तार फोडायची नाही, ही रीतच होती, अन् तिचा नवरा संगप्पा बैलं घेऊन औशाकडं चारा छावणीवर होता. पण शिवकांताच्या मनात रीत नव्हती. तिनं तार पदरात बांधली, गाठीवर गाठ मारली. जोवर ही गाठ सुटत नाही, तोवर माझा सिद्धा जित्ता हाय.

मास्तर दोनदा दारात आला, दोनदा तिनं त्याला माघारी धाडलं. चूल पेटली नाही. बाया भिंतीला टेकून सिद्धेश्वराचं लहानपण आठवत बसल्या. कुणी म्हणालं, रेडिओवर मोठ्या वादळाचं सांगत होते. "त्यानंच गिळलं गं लेकराला!" सरजाबाई म्हणाली. मलप्पाचं नाव दिवसभरात एकदाच निघालं: धाकट्याला कळवाया पाहिजे, भाऊ गेला म्हणून.

दिवस कलताना संगप्पा आला. गाठ हातानं सुटेना, त्यानं दातानं सोडली. मास्तरनं तार वाचली, परत वाचली, मग मराठीत सांगितली.

"वादळ आंध्राकडं चाललंय. मलप्पाचा पत्ता माझ्याकडं नाही. आत्ताच्या आत्ता तार करून टोळीला किनारा सोडाया सांगा. सिद्धेश्वर."

"जित्ता हाय! सिद्धा जित्ता हाय!" सरजाबाईनं टाळ्या पिटल्या. शिवकांता हसली. त्या एका हसण्याची तिला पुढं जन्मभर चीड आली. हसता हसता तिची नजर देवळीतल्या मलप्पाच्या कार्डाकडं गेली. किनाऱ्यावरचा इशारा तेलुगूत होणार, अन् रानातल्या पालात झोपणाऱ्या ह्या पोरांना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं.

संगप्पा कार्ड घेऊन मास्तरच्या फटफटीवर निलंग्याला गेला. तारबाबूनं यंत्र खडखडवून बघितलं.

"तिकडची लाइन पडली, मामा."

"कवा?"

"दुपारी. सकाळी चांगली चालू होती."

तिसऱ्या दिवशी त्याच वादळाचं शेपूट मराठवाड्यावर आलं. दोन दिवस भुरभुर लागली अन् मान टाकलेली ज्वारी उठून उभी राहिली. गाव हरखलं, पण शिवकांताच्या दारावरून जाताना माणसं हसू गिळून जायची. अकरा जणांच्या टोळीतले तिघं परतले. मलप्पा त्यांत नव्हता. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला हातात इष्टलिंग देऊन, बसवून मातीआड करतात. इथं बसवायला अंगच नव्हतं.

सिद्धेश्वर रजा काढून आला. जेवण पुढ्यात तसंच ठेवून त्यानं विचारलं, "अप्पा, तार कवा मिळाली?"

"सांजच्याला," संगप्पा म्हणाला. "पोस्टाचं तुला ठावं हाय न्हवं..."

"सकाळी आली," शिवकांता म्हणाली. "म्या फोडू दिली न्हाई. तू जित्ता ऱ्हावास म्हणून."

सिद्धेश्वर उठून देवळीपाशी गेला, विभूतीखाली परत ठेवलेलं कार्ड काढून गावाचं नाव वाचलं. पाठमोराच म्हणाला,

"ह्या गावावरनंच गेलं होतं आमचं विमान."

शिवकांता पुढं आली.

"मग? दिसला काय रे?"

"न्हाई अव्वा. खाली नुसता ढग होता."