जामसरच्या शिवेवर

आमच्या ह्यांना नियमांचं भारी वेड. मीठ कमी पडलं तर एकवेळ चालेल, पण पाट-पाणी मांडायला उशीर झाला की कपाळाला आठी. मी म्हणायची, "अहो, तुम्ही मास्तर झालात म्हणून बरं, फौजदार झाला असतात तर गाव ओस पडलं असतं." जेवण झालं की हात धुवून हे पुन्हा पुस्तकात.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जव्हार दरबारनं ठरवलं होतं की संस्थानातला एक मुलगा दरसाल मुंबईच्या कॉलेजात पाठवायचा. आधी गेलेले दोघे गणितात आपटून परत आले होते. मॅट्रिकला घोकंपट्टीवर निभावलं, पण कॉलेजातल्या बीजगणितानं आणि त्रिकोणमितीनं पहिल्याच वर्षी लोळवलं. म्हणून ह्यांना हुकूम झाला, की मॅट्रिक झालेल्या मुलांचा वर्षभर वर्ग घ्या, कॉलेजच्या गणिताला तयार करा, शेवटी परीक्षा घ्या आणि जो पहिला येईल त्याचं नाव कळवा.

झालं! पावसाआधी लाकडं भरायची, कौलं चाळून घ्यायची, सगळं माझ्या गळ्यात, आणि हे ओटीवर मांडी घालून वर्गाचे नियम लिहितायत. कुठल्या महिन्यात काय शिकवायचं ते एका अंगाला, नियम दुसऱ्या अंगाला. घंटा झाली की दार बंद, मग बाहेर राजा उभा असला तरी. तीनदा गैरहजर राहिला की नाव कमी. परीक्षा चुकली तर पुन्हा नाही. माफी फक्त आजारपणाला आणि सुतकाला. निकाल मास्तरांच्या सहीनं, लेखी, ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दरबारात. तोंडी निकाल चालायचा नाही. हा शेवटचा नियम ह्यांच्या जिव्हारातून आला होता. आधीच्या गावी एका बड्या असामीनं नुसत्या निरोपावर आपला भाचा वर चढवला होता, आणि एका गरिबाचा पोर मागे पडला होता. ते ह्यांना कधी विसरता आलं नाही.

मी विचारलं, "अहो, हे नियम आहेत की कुंपण?"

"कुंपण नसलं की गुरं पीक खातात," हे म्हणाले.

"आणि कुंपणानंच शेत खाल्लं म्हणजे?"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणाले, आणि दरबारची मंजुरी घेऊन आले.

वर्ग जव्हारला आमच्याच ओटीवर भरायचा. वर्षाच्या आत नियमांनी बाकीचे एकेक करून गाळले आणि दोघेच उरले. एक कांतीलाल, बाजारातल्या किराणावाल्या शेठचा मुलगा. हुशार, हसरा, पायात सदा नवे पंप शूज. दुसरा ढवळू, जामसरचा. डोंगरातल्या त्याच्या लोकांमधला पहिला मॅट्रिक. वयानं मोठा, मिशीवाला, लग्न झालेला. त्याला काही झटकन यायचं नाही हो. कंसाबाहेर उणे असलं की कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात, हे ह्यांनी त्याला इतक्यांदा सांगितलं की माजघरात भाकऱ्या थापता थापता मला पाठ झालं, पण त्याला होईना. चुकलं की पाटी पुसायची, पुन्हा मांडायचं. कंटाळा म्हणून नाही. एकदा मी ताक दिलं तेव्हा विचारलं, "एवढा जीव काढून करायचंय काय रे तुला कॉलेजात?"

"बाई, कचेरीत आमच्या बाजूनं बोलणारं कोणी नाय," तो म्हणाला. "साहेब विचारतो, आमचं माणूस मान हालवतं. मला वकील व्हायचाय. मग मी बोलेन."

मला गलबलून आलं. त्या दिवसापासून मी त्याच्या बाजूची झाले, उगाच कशाला लपवू.

परीक्षा चैत्रात ठरली. दोन दिवस आधी ढवळू घरी गेला, त्याची बायको सकू बाळंत झाली होती. गेला तो आलाच नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रावळीची पानं विकणारी, काळी नावाची बाई दाराशी आली. ती जामसरच्या पलीकडच्या पाड्यावरची. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "मास्तरीण, मोखाड्याकडनं मरी आली. जामसर बांधलाय भगतानं. ढवळू शिवेवर बसलाय, मास्तराला सांग म्हणतो."

गाव बांधणं म्हणजे काय, ते इकडे राहून मला ठाऊक झालं होतं. पटकीची साथ जवळ आली की भगत शिवेभोवती राख टाकत फिरतो. मग साथ सरेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. माणूसच काय, भांडं नाही, चिंधी नाही, कागद नाही. चुकून कोणी आत आलंच, तर ते गावाबरोबर आतच राहायचं. त्याला ते गाव पाळणं म्हणतात, आणि पाळतात म्हणजे पाळतात.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आजारी आहे का तो?"

"नाही."

"सुतक?"

"सोयर म्हणा हवं तर, पोर झालंय."

"सोयर नियमात नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "तुमचं सुतक ते शास्त्र, आणि त्यांचं पाळणं ते वेड, होय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! अख्ख्या गावाचा जीव राखायला तो माणूस रेघेआड बसलाय, आणि तुम्ही त्याला गैरहजर मांडणार?"

हे पुन्हा नियम काढून वाचायला बसले. मग म्हणाले, "परीक्षेला वेळ लिहिली आहे. जागा लिहिलेली नाही."

"मग?"

"मग कांतीलालच्या वडिलांना बैलगाडी मागतो."

असे आम्ही तिघं पहाटे निघालो. कांतीलाल वाटभर कुरकुरला, पण गंमतीनं. "काकू, परीक्षा घ्यायला मास्तर विद्यार्थ्याच्या गावी जातात हे मुंबईत सांगितलं तर मला वेड्यात काढतील," म्हणे. जामसरच्या शिवेवर मोहाचं झाड होतं, त्याच्या अलीकडून राखेची रेघ गेली होती. पलीकडे ढवळू, त्याच्यामागे फागू भगत, आणि दूर बायामाणसं. आम्हाला बघून ढवळूचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

कागद आत जायचा नाही, म्हणून ढवळूनं जमीन झाडून तिच्यावर राबाची, शेत भाजल्याची, राख पसरली होती. हे अलीकडून प्रश्न वाचत, कांतीलाल झाडाच्या रेघेअलीकडे पडलेल्या सावलीत कागदावर सोडवी, ढवळू बोटानं राखेत. एक उदाहरण झालं की हे रेघेशी वाकून वाचत, गुण टिपून घेत, आणि "पूस" म्हणत. ऊन चढलं. गरम वारा सुटला होता, राख उडायची, ढवळू पुन्हा पसरायचा. देवाच्या कार्याला बसावं तशी गावची माणसं बसली होती.

शेवटचं उदाहरण कंसाचंच होतं. त्याआधी दोघं बरोबरीला आले होते, आणि ह्यात कांतीलालला अर्धेच गुण पडले होते. ढवळूनं हळूहळू कंस सोडवला आणि हात मागं घेतला. हे वाकले. डोळे बारीक केले. चष्मा पुसला.

"ते अधिक आहे की उणे?" हे पुटपुटले.

ढवळूनं तोंड उघडलं, तसे हे ओरडले, "तू बोलू नकोस! मी बघतो!" परीक्षा होती ना. विचारायचं नाही, सांगायचं नाही. उण्याच्या रेघेवर उभं बारीक काहीतरी दिसत होतं. बोट फिरलेलं की वाऱ्यानं आलेली गवताची काडी, ते इतक्या लांबून कळेना. उणे असलं तर ढवळू पहिला. अधिक असलं तर संपलं. अन्याय व्हायला नको एवढंच ह्यांच्या डोक्यात, बाकी जग नाहीच. गुणांचा कागद हातात तसाच, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, खाली बसले, आणि चिमटीनं काडी उचलली.

"उणे आहे!" हे आनंदानं म्हणाले. "ढवळू, चिन्ह बदललंस की रे तू!"

कोणी हसलं नाही. मी खाली बघितलं. राखेच्या रेघेवर ह्यांच्या वहाणेचा ठसा उमटला होता. हे आत होते.

बायका चटकन मागं सरल्या. एकीनं पोर पदराखाली घेतलं. फागू भगत उठला, रेघेकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, तू सरकारी माणूस," तो हळू म्हणाला. "तुला आम्ही अडवत नाय. जा. आम्ही परत बांधू."

हे उठून उभे राहिले. एवढं कावरंबावरं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी गेलो आणि मागून कोणाला काही झालं, तर?" ह्यांनी विचारलं. भगतानं पदराखालच्या पोराकडे बघितलं. ते बघणं सगळ्यांना कळलं. मग ह्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि मला म्हणाले, "तू परत जा. मी इथं राहतो. त्यांचा नियम आहे."

"अहो, साथ आहे!" मी किंचाळले. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"नियम आहे, अगं," हे पुन्हा म्हणाले, पण ह्या वेळी आवाजात तो मास्तरी ठसका नव्हता. मला रडूही येईना, इतका राग आला होता.

गुणांचा कागद आता बाहेर यायचा नाही, म्हणून निकाल ह्यांनी आतून ओरडून सांगितला. ढवळू पहिला, कांतीलाल दुसरा. कांतीलालनं मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर आहे, मास्तर. मी सांगेन दरबारात." बापाला काय वाटेल ते वाटो, पोरगं सरळ निघालं, हे मी आजही सांगेन.

आम्ही दोघं गाडीनं तसेच जव्हारला आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दरबारच्या अंमलदारापुढे उभे राहिलो. नाव कळवायचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग ह्यांचे नियम समोर ठेवले.

"बाई, मला ढवळूबद्दल काही वाकडं नाही," ते म्हणाले. "पण वाचा तुम्हीच. लेखी, मास्तरांच्या सहीनं. तोंडी चालायचा नाही. हे तुमच्या यजमानांनीच घातलंय, आणि का घातलंय तेही मला तेव्हा सांगितलंय. आज मी तुमच्या तोंडी शब्दावर ढवळूचं नाव घातलं, तर उद्या दुसरा कोणी भाच्याला घेऊन येईल. सूर्य मावळायच्या आत मास्तरांना सही करायला घेऊन या. नाहीतर दरबारच्या ठरावाप्रमाणे लेखी उत्तरं ज्याची आहेत तो जाईल."

कांतीलाल म्हणाला, "मग कोणीच नको जायला." अंमलदार म्हणाले, "मग जागाच जाईल, बाळ. ढवळूला मिळणार नाही ती नाहीच." एका शब्दाला खोट काढायला जागा नव्हती.

गाडी तशीच माघारी हाकली. बैलांच्या तोंडाला फेस आला. जामसरच्या शिवेवर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. हे मोहाखाली बसून ढवळूला काहीतरी शिकवत होते. कॉलेजच्या पहिल्या महिन्याचा पाठ असणार, दुसरं काय. मी गाडीतून उतरले ती ओरडतच. सगळं सांगितलं. "चला बाहेर, आत्ता निघालो तर पोचू. एक सही करा, मग वाटलं तर परत येऊन बसा! एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

हे उठले. वहाणांकडे गेले. एक वहाण पायात सरकवली, दुसरी सरकवली, आणि रेघेशी आले. मी हात पुढे केला. गावातलं एक माणूस पुढं झालं नाही. फागू भगतानं तोंड फिरवलं. बायकांनी पोरं जवळ ओढली, एवढंच.

"नको," ढवळू म्हणाला.

"ढवळू, बाजूला हो," हे म्हणाले. "कॉलेज जाईल तुझं. तू पहिला आलायस. मी चुकीचा नियम केला रे, मला सुचलंच नाही असं काही होईल म्हणून."

"मास्तर, सकूचा पोर पाच दिसांचा हाय," ढवळू म्हणाला. शहरात शिकलेली भाषा सुटली होती, तो घरच्या बोलीवर आला होता. "घरोघरी पोरां हायेत. तू काल आत आलास, ते समजून घेतला सगळ्यांनी. आता तू माझ्यापायी बाहेर गेलास, आणि एक जरी पोर गेला, तर मी वकील होऊन कोणाच्या बाजूनं बोलू? कोण मला आपला म्हणंल?"

"पण माझा नियम," एवढंच हे म्हणाले. "माझाच नियम तुला खातोय."

ढवळू खाली वाकला आणि ह्यांच्या पायातल्या वहाणा त्यानं स्वतःच्या हातानं काढल्या. पहिली, मग दुसरी. मोहाखाली नेऊन नीट ठेवल्या.

"तू आमचा पाळलास," तो म्हणाला. "मी तुझा पाळतो."

मग तो मागं वळला आणि पोराचं रडणं ऐकू येत होतं त्या घराकडे चालत गेला. हे अनवाणी तिथंच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना रडताना पाहिलं, लहान मुलासारखं, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन. डोळे पुसायला माझा पदर हातात होता, पण मला रेघेच्या अलीकडेच उभं राहावं लागलं.