लांजीचा रिकामा कप्पा

मित्रांनो, मी रक्त तपासायची एक जुनी काचपट्टी आहे. बालाघाटच्या एका जनावरांच्या दवाखान्यात लाकडी पेटीत राहते. बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं, त्या दिवशी पट्ट्या धुणाऱ्या गुणाकरांनी ही पेटी उघडली. बिरसा गावच्या सहा पट्ट्या होत्या. लांजी गावचा कप्पा रिकामा होता. 

मला कारखान्यात कापलं, कडा घासल्या आणि खोक्यात भरून इथे पाठवलं. इथे काच नेहमी कमी पडे. म्हणून एकदा पाहिलेली पट्टी धुऊन पुन्हा वापरत. माझ्यावर आधी गाईचं रक्त होतं, मग बकरीचं. दोन्ही वेळा गुणाकरांनीच मला धुतलं. त्यांची बायको कालिंदी सूक्ष्मदर्शकातून रक्त तपासायची. धुवायच्या पट्ट्या ती टबाच्या डावीकडे ठेवी. कोणत्या धुवायच्या, हे अठरा वर्षांत गुणाकरांना कधी विचारावं लागलं नाही.

१९९८ साली बिरसाच्या दुर्गाबाई टोपलीत आजारी कोंबडी घेऊन आल्या. तिचा तुरा पांढरा पडला होता.

"बाई, लांजीले माह्या बहिणीच्या कोंबड्यायले बी हाच ताप येते. त्या दोन दिवस पेंगते अन् उठते. माह्या काहून मरते?"

"तेच पाहून राह्यली," कालिंदी म्हणाली. तिने कोंबडीच्या पंखाखालची शीर टोचली आणि एक थेंब माझ्यावर पसरला.

तो पक्ष्यांचा मलेरिया होता. मच्छर तो पसरवतात. दोन्ही गावांचे जंतू दिसायला सारखेच होते. पण त्यांचे वंश वेगळे असावेत, एक सौम्य आणि एक मारणारा, असं कालिंदीला वाटत होतं. वाळलेल्या रक्तातून जंतूंची जनुकं तपासता येतात; तशी तपासणी कराल का, असं तिने मोठ्या प्रयोगशाळेला लिहून विचारलं. तुलनेला दोन्ही गावं हवीत, म्हणून तिने प्रत्येकी सहा पट्ट्या राखल्या. वाळलेल्या रक्तावरच पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलं.

"म्याडम, आता जंतूंची बी पत्रिका जुळवता काय?" टिकाराम कंपाउंडर म्हणाला.

"हौ, टिकारामजी. नाही जुळली तं दुर्गाबाईले उत्तर भेटते."

एका दुपारी ती लांजीच्या पट्ट्या पाहत होती. छातीत दुखू लागलं, तशी ती उठली आणि हातातल्या पट्ट्या ओट्यावर ठेवल्या. टबाच्या डावीकडे. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवी आटोपून गुणाकर कामावर आले. डावीकडे पट्ट्या दिसल्या. त्यांनी त्या सोड्याच्या पाण्यात घातल्या, घासल्या, पुसल्या. रक्ताबरोबर नावही गेलं. त्या आठवड्यातच त्या पट्ट्यांवर दुसऱ्या जनावरांचं रक्त पसरलं गेलं.

पत्र आलं ते महिन्याभराने. दोन्ही गावांच्या पट्ट्या पाठवा, असं त्यात लिहिलं होतं.

"दादा, तुमाले काय माहीत होतं," टिकाराम म्हणाला.

"मले वाचता येते. नाव लिवलं होतं. मी वाचलं नाही."

मग त्यांनी टबातलं पाणी ओतलं आणि टब पालथा घातला.

मित्रांनो, काही धुण्याआधी त्यावर काय लिहिलं आहे ते वाचत जा.

बिरसाच्या आम्हां सहा पट्ट्यांना अजून पाठवलेलं नाही. लांजीच्या कोंबड्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं आहे. गुणाकरांना शीर टोचता येत नाही. दुर्गाबाईंना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.