रफू केलेला बनियन

मैनाबाईंनी ट्रंकेतून काळा बनियन काढला, दोनदा झटकला आणि ओटीवर पसरला. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. शुभंकर त्याच्यासमोर देवापुढे बसावं तसा बसला. नातीचा, शमिकाचा, हा मुंबईचा मित्र. जुन्या बँडचे शर्ट जमवायचा त्याला नाद. शमिकाने आजोबांचा, दादूंचा, हाच बनियन घातलेला बोटीवरचा फोटो दाखवला आणि हा पठ्ठ्या थेट मांडवीला येऊन थडकला.

छातीवरून हात फिरवताना मात्र त्याचा चेहरा पडला.

"आजी, हे शिवलं कुणी?"

"मीच! हे लंडनहून आले ते हा घालून. नवं लग्न आमचं. नि बनियन बघते तर ठिकठिकाणी फाटलेला, पिना टोचून जोडलेला. म्हटलं, बोटीवर बायको नाय म्हणून ही दशा. हे निजले तशी पिना काढल्या नि रफू केला. बघ, टाका दिसतोय कुठं?"

टाका खरंच दिसत नव्हता. तेच तर दुखणं होतं.

"आजी, तो मुद्दाम फाडलेला गो," शमिका हळूच म्हणाली. "तिथली पोरं तसंच घालायची. पंक म्हणायचे त्यांना. राग दाखवायला."

"राग? कुणावर?"

"सगळ्यांवर," शुभंकर म्हणाला. "सरकारवर, आईबापांवर, धड कपड्यांवरसुद्धा."

मैनाबाई गोंधळल्या. कालवण खारट झालं तरी मुकाट जेवणारा आपला नवरा, आणि राग? रफूच्या दुसऱ्या सकाळी दादूंनी बनियन उलटसुलट करून पाहिला होता. मग "बरा केलास," म्हणाले, अंगात घातला आणि मासळी आणायला गेले. पुढे विटेपर्यंत वापरला.

"मग मला सांगितलं का नाय?"

दादू जाऊन वर्षं झाली होती; हे त्या कुणाला विचारत होत्या ते त्यांनाच कळेना. डोळे भरून आले, त्याचीही लाज वाटली.

शुभंकर जरा घुटमळला. "मला द्याल, आजी? सांभाळून टाके उसवीन. त्यातल्याच पिना मिळाल्या तर होता तसा होईल. लोक बघायला येतील. आहेत का पिना?"

"इतक्या वर्षांच्या पिना कुठं राहतात, बाबा?" मैनाबाईंनी बनियनची घडी घातली. "नि माझे टाके नाय उसवायचे."

शुभंकरला फाटकापर्यंत पोचवून शमिका परतली, तर आजी अजून ट्रंकेपाशीच होती. बांगडीत पिनांचा झुबका. तो शमिका लहानपणापासून बघत आली होती; कोकणातल्या कुठल्या बाईच्या हातात तो नसतो? पण आजीच्या झुबक्यातल्या चार जाड पिना कधी कुणाला मिळाल्या नव्हत्या. मागितल्या की ती डब्यातली दुसरी शोधून द्यायची.

त्यातलीच एक मैनाबाईंनी ओढून काढली आणि रफूच्या अगदी शेजारी, बनियनच्या छातीवर टोचली.

"घ्या," त्या पुटपुटल्या. "आता काय रागवायचं ते रागवा."