झोपेचे पाच प्रश्न

बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरांच्या वैद्यकीय अर्जात झोपेबद्दल पाच प्रश्न असतात, तेही इंग्रजीत. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या रेमेडियोस बाई ते नऊ वर्षं शिकवत होत्या. शिकवत म्हणजे काय, उत्तर घोटून घेत होत्या: पाचही ठिकाणी 'नेव्हर'. कशाला उगाच खोलात शिरा? पोरं पास होत, बोटीवर चढत आणि बाईंना कुठल्या कुठल्या बंदरांतून चॉकलेटं पाठवत.

डियोनेल मात्र चिवट निघाला. "मॅम, झोपेला एक शब्द पुरे की. हे 'डोझ' नि 'नॉड ऑफ' कशाला आणखी?"

"कॉफी पी आणि नेव्हर लिही."

"अर्थ तर सांगा. खाली सही माझी आहे ना?"

बाई वैतागल्या, पण हाडाच्या मास्तरीण. 'ड्राउझी' म्हणजे डोळे जड होणं, 'डोझ' म्हणजे बसल्या बसल्या पेंगणं, आणि 'नॉड ऑफ' म्हणजे मान कधी पडली याचा आपल्यालाच पत्ता नसणं, असं त्यांनी सांगितलं.

डियोनेलनं कप खाली ठेवला. "मग हे मला होतं."

"कधी?"

"गिमारास बेटाच्या फेरीबोटीवर, सुकाणू हातात असताना. भर दिवसा. एकदम बंदराचा धक्का समोर येतो, मधलं पाणी कुठे गेलं तेच कळत नाही. मला वाटायचं, विचारात होतो. झोप म्हणजे आडवं व्हायचं, असंच धरून चाललो होतो मी."

त्यानं अर्जात खरं ते लिहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी उपचार, मग बोट. दुसऱ्याच दिवशी त्याची आई तणतणत बाईंच्या दारात उभी.

"साऱ्या गावाच्या पोरांना नेव्हर शिकवलंत, आणि माझ्याच पोराला बरे अर्थ सांगावेसे वाटले!"

ती बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. ती गेल्यावर बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढली. साऱ्या गावाची ती पोरं आत्ता समुद्रावर होती, आणि त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी अर्नुल्फोला फोन लावला. हा त्यांचा पहिला विद्यार्थी, आता तेलवाहू जहाजावर अधिकारी. पहाऱ्याला चार-चार तास एकटा उभा राहायचा. बाईंनी सवयीनं इंग्रजीतच विचारलं, पहाऱ्यावर कधी पेंगतोस का?

"नेव्हर, मॅम!" प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं.

बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मॅम," तो म्हणाला, "इंग्रजीत नका विचारू. इंग्रजीत माझ्या तोंडून तेवढंच निघतं. आपल्या भाषेत विचारा."

बाईंनी विचारलं.

अर्नुल्फोनं आधी केबिनचं दार लावून घेतलं.